सॉफ्टबॉलमधील संथ चेंडूची विद्या



सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरी झाला. क्रिकेटप्रमाणे लांबून धावत येऊन खांद्यावरून चेंडू टाकण्याची मुभा या खेळात नाही. पिचरने पट्टीवर उभे राहून हात खालून आणून चेंडू सोडावयाचा असतो. हात पवनचक्कीच्या पात्यासारखा फिरवून चेंडू टाकण्याच्या रीतीस विंडमिल म्हणतात. त्यातून निघणारा वेगवान चेंडू पाहून मुलींना वेगाचेच आकर्षण वाटते आणि शिक्षकही वेगच मोजू लागतात. परंतु एकाच वेगाला बॅटर लवकर सरावते. अशा वेळी कामास येतो तो चेंजअप, म्हणजे वेगवान चेंडूच्या वेषात आलेला संथ चेंडू.

त्याचे मर्म थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत पिचरची पट्टी आणि होम प्लेट यांत ४३ फुटांचे, म्हणजे सुमारे १३ मीटरचे अंतर असते. पिचर पाऊल पुढे टाकून चेंडू सोडते, म्हणून चेंडूचा प्रत्यक्ष प्रवास ११ मीटरच्या आसपास धरावा. ताशी ९५ किलोमीटर वेगाचा चेंडू तो सुमारे ०.४२ सेकंदात पुरा करतो. ताशी ७५ किलोमीटर वेगाच्या चेंडूस सुमारे ०.५३ सेकंद लागतात. फरक अवघा एक दशांश सेकंदाचा. पण तेवढ्यात बॅट प्लेटवरून पुढे निघून गेलेली असते.

चेंडू संथ करण्याच्या अनेक रीती आहेत. एका रीतीत चेंडू बोटांच्या टोकांऐवजी तळव्यात खोल धरतात आणि मनगटाचा झटका टाळतात. दुसरीत बोटे दुमडून त्यांचे सांधे चेंडूवर टेकवितात. तिसरीत हाताची पाठ बॅटरकडे करून चेंडू सोडतात. क्रिकेटमध्ये हाताच्या पाठीमागून संथ चेंडू टाकणारे गोलंदाज ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस ही युक्ती परकी वाटणार नाही. मोठ्या चेंडूचा घेर १२ इंच असतो व प्रत्येकीचा पंजा वेगळा असतो. म्हणून सर्वांवर एकच पकड लादू नये. प्रत्येक मुलीस सर्व रीती करून पाहू द्याव्यात.

शिकताना होणारी मुख्य चूक एकच. चेंडू संथ जावा म्हणून मुलगी आपला हातच संथ करते आणि चेंडू सुटण्यापूर्वीच बॅटर सावध होते. संथपणा चेंडूत हवा, हातात नव्हे. पाऊल, हाताची फेरी व चेहऱ्यावरचा भाव ही सर्व वेगवान चेंडूचीच असावीत. पकड ग्लोव्हच्या आडच बदलावी. चेंडू गुडघ्याच्या सुमारास खाली राहावा. छातीच्या उंचीवर आलेला संथ चेंडू म्हणजे बॅटरला दिलेली भेटच होय.

सराव पायरीपायरीने करावा. प्रथम १५ ते २० फुटांवरून केवळ मनगटाची क्रिया घटवावी, मग पूर्ण फेरी घ्यावी, व शेवटी कॅचरच्या खुणेप्रमाणे वेगवान व संथ चेंडू आलटून पालटून टाकावेत. या वेळी एका खेळाडूस बॅटरच्या जागी, हेल्मेट घालून, नुसते उभे करावे. चेंडू सुटण्यापूर्वीच तिने तो कोणता ते मोठ्याने सांगावे. तिचे उत्तर वारंवार बरोबर येऊ लागले, तर पिचरचा हात चुगली करतो आहे असे समजावे. खांदा दुखू लागताच सराव थांबवावा. दुखणे सोसणे म्हणजे शौर्य नव्हे.

येथे शिक्षकाचीही परीक्षा असते. आरंभी हा चेंडू कधी कॅचरच्या डोक्यावरून जातो, तर कधी प्लेटच्या अलीकडेच पडतो. सामन्यात एखादा चेंडू दूर टोलविला जातो आणि धावा होतात. त्या क्षणी मैदानाबाहेरून रागाचा एक शब्द आला, तर मुलगी पुन्हा वेगाच्या आश्रयास जाते आणि ही विद्या कायमची टाकून देते. उलट, पुढच्याच बॅटरला तोच चेंडू टाकण्याची खूण कॅचरने केली आणि शिक्षकाने मान डोलावली, तर तिला धीर येतो. पूर्ण जोराने हात फिरवून चेंडू मात्र सावकाश सोडावयाचा, यास ताकदीइतकाच विश्वास लागतो. तो विश्वास प्रथम शिक्षकाने तिच्यावर ठेवावयाचा असतो.