जहाज आलं, पण कुणासाठी?

(अभ्यासवर्गात सिनेमा दाखवल्यानंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘चिल्ड्रन ऑफ मेन’ आपण आत्ताच पाहिला. दिवे लागताच मागून प्रश्न आला, “मग ती वाचली का?” आल्फोन्सो क्वारोनचा हा सिनेमा २००६ साली आला, तेव्हापासून त्याच्या शेवटावर वाद चालू आहे. धुक्यातून ‘टुमॉरो’, म्हणजे ‘उद्या’, नावाचं जहाज येतं. होडीत थिओ गतप्राण झालेला. की आणि तिची तान्ही मुलगी जहाजावर चढलेल्या आपल्याला दिसतच नाहीत. पडदा काळा होतो आणि मुलांचं हसणं ऐकू येतं. कुणी म्हणतं, माणूसजात वाचली. कुणी म्हणतं, हा नुसता दिलासा आहे.

मला माणूसजातीपेक्षा कीची काळजी वाटते. सिनेमातलं साल २०२७, देश ब्रिटन. जगात अठरा वर्षांत मूल जन्मलेलं नाही. निर्वासितांना पिंजऱ्यात कोंडलंय. अशा वेळी एका काळ्या, निर्वासित, बिनलग्नाच्या मुलीला दिवस जातात. (बाप कोण, असं थिओ विचारतो, तेव्हा ती आधी आपण कुमारिका असल्याची थट्टा करते. मला ती तिथंच आवडली.) त्या क्षणापासून तिचं पोट सगळ्यांच्या मालकीचं होतं. सरकारपासून तिला लपवायचं, कारण मूल काढून घेतील. लपवणारे बंडखोर तरी काय करतात? त्यांना ते मूल उठावाचा झेंडा म्हणून हवं असतं. त्यांचा पुढारी ल्यूक बाळाला मुलगाच धरून चालतो, थिओला त्याला सांगावं लागतं की मुलगी आहे. गोठ्यातला प्रसंग आठवा. यंत्राला नीट बसावं म्हणून गाईचे सड कापतात, हे की सांगते आणि मग आपलं पोट दाखवते. स्वतःचं काय होऊ शकतं, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

आता जहाजावरचे ‘ह्यूमन प्रोजेक्ट’वाले घ्या. ते शास्त्रज्ञ आहेत, वंध्यत्वावर उपाय शोधताहेत, एवढंच आपण ऐकतो. म्हणजे उपाय कुठं शोधणार? तिच्याच शरीरात ना! ते भले असतीलही. पण तिला नाही म्हणता येईल का, हे सिनेमा सांगत नाही. शेवटातली खरी संदिग्धता मला इथं दिसते.

आणखी एक गोष्ट. हा सिनेमा पी. डी. जेम्स या लेखिकेच्या १९९२ च्या कादंबरीवर आधारलेला आहे. कादंबरीत पुरुषांचं बीज निकामी झालेलं आहे. सिनेमात मात्र बायकांना गर्भ राहत नाही. हा बदल किती सहज झाला पाहा! वस्तीत काम करताना आपण हेच बघतो. मूल नाही म्हटलं की आधी सून दवाखान्यात, मग देवऋषाकडे, आणि नवऱ्याची तपासणी राहूनच जाते. खरं तर अशा साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही दोष असतो, असं डॉक्टर सांगतात. पण वांझ हा शब्द बाईच्याच वाट्याला. कादंबरीत मूलही मुलगा आहे. सिनेमानं मुलगी केली, एवढं श्रेय क्वारोनला द्यायला हवं.

मुलीचं नाव की स्वतः ठेवते, डिलन. थिओच्या वारलेल्या मुलाचं नाव. काहींना हे खटकेल. मला नाही खटकलं, सबंध सिनेमात तिला न विचारता झालेल्या इतक्या गोष्टींत हा एक निर्णय तिचा आहे.

ते हसणं मला दिलासा देत नाही. मला मिरियम आठवते. ती सुईण, कीला सांभाळणारी बाई, तिला शिपायांनी बसमधून खाली ओढलं. होडीत बाळाची पाठ थोपटायला कीला थिओ शिकवतो, आणि तोही जातो. जहाजाच्या डेकवर मी एखादी बाई दिसते का, हे बघत होते.

तुम्हाला काय दिसलं, ते आता तुम्ही बोला.