उपकार नको, विजेचा हिशोब हवा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



वऱ्हाड-खानदेशातून मुंबईला जाताना कल्याणच्या पुढे ठाकुर्ली लागते. तिथले चोळे पॉवर हाऊस रेल्वेने 1929 च्या सुमारास उभारले, ते आगगाड्यांसाठी. त्याआधी 1915 साली टाटांनी खोपोलीला वीज काढली, ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. पाणी सह्याद्रीचे, कापूस आपला, आणि आपल्या घरात रॉकेलची चिमणी! वीज नव्हती असे नाही. ती कोणाला द्यायची हे ठरले, तेव्हा आपल्याला कोणी विचारले नाही.

1960 साली राज्य वीज मंडळ झाले. खांब गावात आले. पण पुष्कळ गावांत घर आणि पंप एकाच फीडरवर. पंपाची वीज बंद केली की पोरांच्या अभ्यासाचा दिवाही जाई. त्यात पंपांना मीटर नाही, आकारणी अश्वशक्तीवर. माती तपासल्याशिवाय खताची मात्रा सांगू नये, हे आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो. इथे मोजमापच नाही! मग कोणाचीही चोरी शेतकऱ्याच्या नावावर खपते. नव्वदीच्या दशकात मंडळ गळती पंधरा-अठरा टक्के सांगत असे. 1999 साली वीज नियामक आयोग आला, जाहीर सुनावणी झाली, आणि गळती तीस टक्क्यांच्या वर निघाली. गळती एका वर्षात वाढली नव्हती. विचारणारा भेटला होता.

2004 साली निवडणुकीच्या तोंडावर शेतीची वीज मोफत झाली; 2005 साली सवलत गेली. 2024 साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पुन्हा मोफत. बिल माफ झाले म्हणून डीपी जळायची थांबत नाही. आणि फुकटाच्या मालाबद्दल तक्रार करायला माणूस कचरतो. मेख तिथेच आहे.

2003 च्या वीज कायद्याचे कलम 43 सांगते, की मागेल त्याला वीज देणे हे कंपनीचे कर्तव्य आहे. तक्रारीसाठी ग्राहक गाऱ्हाणे मंच आहेत. कल्याण परिमंडलाचाही आहे. तिथे वकिलाशिवाय आपले म्हणणे मांडता येते. शहरातला माणूस तिथे जातो. आपण मात्र वायरमनच्या पाया पडतो.

म्हणून गावी गेल्यावर एवढे करू. अर्ज लेखी देऊ, पोच घेऊ. डीपीवर मीटर मागू. गावठाणाचा फीडर वेगळा झाला नसेल तर ग्रामसभेत ठराव करू. दरवाढीच्या सुनावणीला जिल्ह्यातून दहा माणसे पाठवू.

वीज तारेतून येते खरी, पण हिशोब मागणाऱ्याच्याच घरी टिकते.