विश्वासू सहायकाची निवड



आज ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे, तो वर्गाबाहेरचा वाटेल. परंतु त्याचे मूळ वर्गातच आहे. आपल्या शाळांतून शिकून गेलेली दिव्यांग मुले अठरा वर्षे पूर्ण होताच सज्ञान होतात. त्यानंतर त्यांच्या जमिनीचा, पैशाचा आणि औषधोपचाराचा निर्णय कोणी व कसा घ्यावयाचा, हा तो विषय होय.

भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, हा डोंगरी मुलूख. अनेक घरांतील कर्ती माणसे पोटासाठी पुणे-मुंबईस असतात. शहर जवळ येत चालल्याने येथील भातखाचरांना व माळांना मोल आले आहे. समजा, एका घरी वडील निवर्तले आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचेही नाव सातबाऱ्यावर लागले. एके दिवशी कागद पुढे येतो आणि त्याचा अंगठा शाईत बुडविला जातो. 'त्याला काय कळते?' एवढ्या एका वाक्यावर त्याचा हिस्सा जातो. कुंपणच शेत खाते, ते असे.

कायद्यास ही रीत मान्य नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या तेराव्या कलमानुसार दिव्यांग व्यक्तीस इतरांच्या बरोबरीने मालमत्ता धारण करण्याचा व आपला आर्थिक व्यवहार पाहण्याचा हक्क आहे. तिला साहाय्य करणाऱ्याचा एखाद्या व्यवहारात स्वतःचा हितसंबंध आड येत असेल, तर त्या व्यवहारापुरते त्याने दूर राहिले पाहिजे. सहायक बदलण्याचा अधिकारही त्या व्यक्तीचाच आहे. पुरेसे साहाय्य देऊनही कायदेशीर निर्णय घेणे अशक्य ठरले, तरच चौदाव्या कलमाने मर्यादित पालक नेमता येतो. तोही ठराविक निर्णयापुरता, ठराविक मुदतीपुरता आणि त्या व्यक्तीच्या विचाराने.

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियमही आहे. त्याखाली जिल्हास्तरावरील स्थानिक समितीकडे पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो. अशा पालकाने नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी व पुढे दरवर्षी हिशेब द्यावयाचा असतो. त्याने हेळसांड किंवा अपहार केल्यास त्यास दूर करण्याची तरतूद आहे.

परंतु कायदा विश्वासू माणूस निर्माण करू शकत नाही. तो निवडावा लागतो. ही निवड करताना काय पाहावे? प्रथम, ज्याच्यासाठी सहायक हवा, त्यालाच विचारावे. ज्यास बोलता येत नाही, तोही नजरेने, हाताने, चित्रावर बोट ठेवून सांगतो. संकटात तो कोणाकडे धाव घेतो, कोणाजवळ निर्धास्त बसतो, हे पाहावे. दुसरे, त्याच्या खुणा ज्यास समजतात, असा माणूस असावा. तिसरे, त्या व्यवहारात त्या माणसाचा लाभ नसावा. जमिनीच्या कामी सहहिस्सेदार भाऊ कितीही प्रेमळ असला तरी दुसरा कोणी बरा. चौथे, सर्व भार एकावर नसावा. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे काढताना एक, तर दवाखान्यात दुसरा, असे चालेल. शेवटी, सहायकाने समजावून सांगावे, थांबावे व उत्तर ऐकावे. त्याच्या जागी स्वतः उत्तर देणारा मनुष्य सहायक नव्हे.

यांत आपले काम काय? गावात लिहिता-वाचता मनुष्य म्हणून साक्षीच्या सहीसाठी गुरुजींना व बाईंना बोलावणे येते. त्या वेळी एक नियम पाळावा: कागदाचा अर्थ त्या व्यक्तीस तिच्या भाषेत सांगितला गेल्याशिवाय व तिचा होकार स्वतः पाहिल्याशिवाय सही करू नये. शंका असल्यास तहसील कार्यालयात किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जाण्यास सांगावे.

दुसरे काम वर्गातले आहे. निवड करण्याची सवय अठराव्या वर्षी एकाएकी लागत नाही. कोणाशेजारी बसावयाचे, कोणता खेळ खेळावयाचा, हे दिव्यांग बालकास पहिलीपासून विचारा आणि त्याच्या उत्तरासाठी वेळ द्या. 'नको' म्हणण्याचा सरावही त्यास होऊ द्या. ज्या मुलाचा नकार शाळेने ऐकला, त्याचा अंगठा पुढे कोणालाही सहज धरता येणार नाही.