मुलाच्या मापाची सायकल, सायकलीच्या मापाचा भाग
(नाशिक जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



हजेरीपटावर एखाद्या मुलीच्या नावापुढे सलग चार दिवस गैरहजेरीची खूण पडते. शिक्षक चौकशी करतात, तेव्हा घरून उत्तर येते, "सायकल बिघडली आहे." पुष्कळांना ही सबब वाटते. परंतु पडवीत टेकवून ठेवलेली ती सायकल शिक्षकाने एकवार जाऊन पाहिली, तर बहुधा असे आढळेल की, मुलगी खोटे बोलत नाही आणि सायकलही मोडलेली नाही. एक तर सायकलीचे माप मुलीशी जुळत नाही, किंवा तिला नव्याने बसविलेल्या भागाचे माप सायकलीशी जुळत नाही. हे ओळखण्यास दर वेळी मिस्त्रीच लागतो असे नाही. पट्टी आणि थोडे निरीक्षण पुरते.

आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेस त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या डोंगराळ तालुक्यांत वस्ती पाड्यापाड्यांनी विखुरलेली आहे. पाड्यावरची शाळा संपली की पुढील इयत्तांसाठी दुसऱ्या गावची वाट धरावी लागते. या वाटेवर सायकलीचे मोल किती, हे बिहारच्या अनुभवावरून कळते. त्या राज्याने २००६ साली नववीच्या मुलींसाठी सायकल योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. आणि ही वाढ मुख्यतः शाळा दूर असलेल्या गावांत झाली होती. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू ग्रामीण मुलींना सायकली मिळाल्या. तथापि, सायकल मिळणे आणि ती रोज शाळेपर्यंत चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रथम मुलाच्या मापाचा विचार करू. वडिलांच्या २८ इंची चाकांच्या सायकलीवर दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारणारे मूल गावोगावी दिसते. त्याचे धाडस कौतुकाचे खरे. परंतु अशा तिरक्या बैठकीत तोल एका बाजूस जातो, आणि उतारावर ब्रेक दाबण्यास हात वेळेवर पोहोचत नाही. दांड्याची सायकल असेल, तर दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकवून उभे राहिल्यावर शरीर व दांडा यांत निदान एक-दोन इंच अंतर राहिले पाहिजे. दांडा नसेल, तर सीट अगदी खाली करून बसवावे. नवशिक्या मुलाच्या दोन्ही पायांचे चवडे जमिनीस लागले पाहिजेत. ते लागत नसतील, तर ती सायकल त्या मुलासाठी अद्याप मोठी आहे.

सायकल चांगली येऊ लागल्यावर सीटची उंची अशी ठरवावी : पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर गुडघा सरळ व्हावा. म्हणजे चवड्याने पायडल मारताना गुडघ्यास किंचित बाक राहतो. सीट फार खाली असेल, तर गुडघ्यावर ताण येतो. फार वर असेल, तर कंबर दोन्ही बाजूंस हेलकावते. मूल वाढले म्हणून सीट वर घेताना तिच्या नळीवरील मर्यादेची खूण फ्रेमबाहेर येऊ देऊ नये. आली, तर नळी वाकण्याचे वा मोडण्याचे भय असते. शेवटी, लहान बोटे ब्रेकच्या दांडीपर्यंत पोहोचतात की नाही, हेही पाहावे.

नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली सुमारे ३,००० मैलांची 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या चमूने पूर्ण केली. अशा शर्यतींत सीटची उंची मिलिमीटरने मोजून ठरवितात. पाड्यावरच्या मुलीचा पल्ला लहान असला, तरी तिच्या गुडघ्यास नियम तोच लागू आहे.

आता भागांच्या मापाकडे वळू. सर्वांत अधिक घोटाळा टायरचा होतो. '२६ इंची टायर द्या' असे म्हणून आणलेला टायर रिमवर चढतच नाही, किंवा सैल बसून निसटतो. कारण '२६ इंच' हे केवळ नाव आहे. २६ × १ ३/८ या टायरची रिमवर बसणारी कडा ५९० मिलिमीटर व्यासाची असते, तर २६ × १.९५ या टायरची ५५९ मिलिमीटरची. नाव एक, फरक ३१ मिलिमीटरचा! टायरच्या बाजूवर '३७-५९०' असे जोड अंक बहुधा छापलेले असतात. पहिला रुंदीचा, दुसरा व्यासाचा. जुन्या टायरवरील दुसरा अंक वहीत उतरवून बाजारात न्यावा व तोच अंक मागावा.

पायडलचे आटे दोन्ही बाजूंस सारखे नसतात. उजवे पायडल नेहमीप्रमाणे उजवीकडे फिरवून आवळते. डावे मात्र डावीकडे फिरवून. उजवे पायडल डाव्या बाजूस बळाने बसविल्यास आटे झिजतात आणि पुढे योग्य पायडलही तेथे टिकत नाही.

चेन वारंवार घसरत असेल, तर ती मोजावी. चेनच्या एका खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत अर्धा इंच अंतर असते. म्हणून २४ कड्या नेमक्या १२ इंच भरल्या पाहिजेत. सव्वाबारा इंचांची वाट पाहू नये. १२ इंच व एक अष्टमांश भरले, तरी चेन बदलण्यायोग्य झाली असे समजावे. नवी चेन घातल्यावरही ती घसरली, तर फ्रीव्हीलचे दाते झिजले आहेत काय, ते पाहावे. गिअरच्या सायकलीची चेन अरुंद असते. साध्या सायकलीची रुंद चेन तिला चालत नाही.

हे काम अध्यापनाबाहेरचे आहे, असे कोणी मानू नये. वर्गास अंगणात न्यावे. टायरवर खडूने खूण करून चाकाचा एक फेरा जमिनीवर मोजावा. २६ × १ ३/८ च्या चाकाचा फेरा सुमारे २.१ मीटर भरेल. पुढच्या चक्राचे दात ४४ व मागच्याचे १८ असतील, तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ५.१ मीटर पुढे जाते. मग विचारावे, शाळा ५ किलोमीटर दूर असेल, तर पायडलच्या फेऱ्या किती? उत्तर सुमारे ९८० येईल. परीघ, गुणोत्तर व भागाकार असे तीन पाठ एका सायकलीवर होतात. आणि सीट दोन इंच खाली राहिली, तर त्या मुलीचा गुडघा एका खेपेस जवळजवळ हजार वेळा दुखावतो, हेही मुलांना त्याच हिशेबातून उमगते.

प्रत्येक सत्राच्या आरंभी एका शनिवारी अर्धा तास यासाठी राखावा. एका वहीत प्रत्येक सायकलीपुढे चार नोंदी असाव्यात : सीटची उंची, टायरचा अंक, २४ कड्यांची लांबी आणि ब्रेकची स्थिती. सातवी सोडून पुढच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला ही नोंद उतरवून द्यावी. तसेच, कोणत्या घरी लहान झालेली सायकल पडून आहे आणि कोणत्या मुलास ती नेमकी होईल, हे शिक्षकाइतके गावात क्वचितच कोणास ठाऊक असते. पालकांशी बोलून अशी अदलाबदल घडविता येईल.

यापुढे "सायकल बिघडली आहे" हे उत्तर आले, तर गैरहजेरीची खूण करून थांबू नये. शाळा सुटल्यावर पट्टी घेऊन त्या पडवीपर्यंत जावे. चूक पुष्कळदा एखाद्या अंकाची असते. ती सुधारली की दुसऱ्या दिवशी मुलगी वर्गात असते.