वॉर्डातलं पहिलं वर्ष: विचारायला लाजू नका

आज मी बोलणार आहे ते मुख्यतः ज्यांचं जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग नुकतंच संपलंय त्यांच्यासाठी. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलंय, पहिली नोकरी लागलीय आणि ड्युटीला जाताना पोटात गोळा येतोय, अशा मुलींसाठी आणि मुलांसाठी. ब्रदर लोकहो, तुम्हीसुद्धा यात आलात.

मी सव्वीस वर्षं वॉर्डात काम करतेय. आधी मेडिसिन, मग आयसीयू, आता इन्चार्ज. दर १२ मेला फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या वाढदिवशी आपल्याला गुलाबाचं फूल मिळतं आणि सेवा, त्याग यावर भाषण ऐकायला मिळतं. मी ते भाषण करणार नाहीये. कामाचं बोलू या.

सगळं येत नाही, हे ठीक आहे

पहिले तीन महिने तुम्हाला वाटेल की आपल्याला काहीच येत नाही. शेजारची सीनियर एका हाताने आयव्ही लावते, दुसरीकडे नातेवाईकाला उत्तर देते आणि तिसऱ्या बेडवरचा मॉनिटर वाजला की न बघता सांगते, "लीड निघालीय." तुम्ही मात्र शीर शोधत बसलाय. घाबरू नका. हात कामानेच बसतो. नव्या मुलीचा हात कापला तर मला काळजी वाटत नाही. जी काहीच विचारत नाही, तिची मला काळजी वाटते.

आपल्याकडे शाळेपासून शिकवलंय की विचारलं म्हणजे येत नाही. वॉर्डात याच्या अगदी उलट आहे. विचारलं नाही तर पेशंट जातो. इतकं सरळ आहे ते.

एक उदाहरण सांगते. रात्रीची ड्युटी, अडीच वाजलेले. पेशंटची शुगर खूप वाढलेली. नव्या सिस्टरने डॉक्टरांना फोन केला. ते झोपेतून उठून म्हणाले, "इन्सुलिन सिक्स्टीन दे." फोनवर तिला ऐकू आलं ते सिक्स्टी की सिक्स्टीन, तिची खात्री होईना. तिने विचारलं, "सर, एक-सहा सोळा, की सहा-शून्य साठ?" डॉक्टर वैतागले. म्हणाले, "अगं सोळा! साठ कोण देईल?" सकाळी राउंडला माझ्यासमोर आली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता, ओरडा बसला म्हणून. मी तिला म्हटलं, बाळा, काल रात्री तू एक माणूस वाचवलास. साठ युनिट गेले असते तर पहाटेपर्यंत त्याची शुगर इतकी खाली गेली असती की तो उठलाच नसता.

म्हणून फोनवरची ऑर्डर नेहमी वाचून दाखवायची. औषधाचं नाव, डोस, कुठल्या मार्गाने, किती वेळा. आकडा एकेक अंक सुटा करून म्हणायचा. लगेच फाइलमध्ये वेळेसकट लिहायचं आणि नंतर डॉक्टरांची सही घ्यायची. लिहिताना 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहा. नुसतं इंग्रजी 'यू' अक्षर लिहिलं की घाईत ते शून्य वाटतं, आणि दहाचे शंभर होतात.

आणि पोटॅशियम क्लोराइडचं अँप्यूल. ते कधीच थेट शिरेत देत नाहीत. नेहमी सलाइनमध्ये मिसळून, सावकाश. थेट दिलं तर हृदय बंद पडतं. कुणी कितीही घाईत सांगितलं तरी तुमचा हात थांबला पाहिजे. इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम, ही औषधं भरताना शेजारच्या सिस्टरला दाखवायची सवय लावून घ्या. ती हसली तर हसू दे.

डॉक्टरांना फोन करायचाय?

बऱ्याच मुली फोन करायलाच घाबरतात. का? कारण "सर, पेशंटला बरं वाटत नाहीये" असं म्हटलं की समोरून आवाज येतो, "म्हणजे नेमकं काय?" आणि मग तुम्ही फाइल शोधायला पळता.

फोन करायच्या आधी अर्ध्या मिनिटात चार गोष्टी जुळवा. एक, कोण आणि आत्ता काय झालंय. दोन, पेशंट कशासाठी भरती आहे, काय चालू आहे. तीन, आत्ताचे बीपी, पल्स, श्वास, ऑक्सिजन. चार, तुम्हाला काय वाटतंय आणि डॉक्टरांनी काय करावं असं वाटतंय. "सर, बेड नंबर सात, काल ऑपरेशन झालेले काका. बीपी ऐंशी-पन्नास, पल्स एकशे तीस, पोट फुगलंय. मला आतून रक्तस्राव वाटतोय. तुम्ही येऊन बघा." असं बोललात तर कुठलाही शहाणा डॉक्टर उठून येतो. आणि नाहीच आला, तर वरच्या डॉक्टरांना फोन करा, इन्चार्जला उठवा. केलेल्या प्रत्येक फोनची वेळ लिहून ठेवा.

सुई टोचली तर

हे मी मुद्दाम वेगळं सांगतेय, कारण नव्या मुली हे लपवतात. इन्चार्ज ओरडेल, निष्काळजी म्हणेल, म्हणून.

वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही. सुई थेट पंक्चर न होणाऱ्या पांढऱ्या डब्यात. तरीही टोचलीच, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका. त्याच शिफ्टमध्ये कळवा, लेखी नोंद करा, पेशंटची आणि तुमची रक्ततपासणी करून घ्या. एचआयव्हीचा धोका असेल तर औषध जितक्या लवकर सुरू कराल तितकं चांगलं. शक्यतो दोन तासांत, बहात्तर तासांच्या पुढे तर नाहीच. कोर्स अठ्ठावीस दिवसांचा असतो. तुम्ही दोन दिवस घाबरून गप्प बसलात तर ती वेळ गेली, परत येत नाही.

हिपॅटायटिस बीची लस घेतलीय का? तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. अर्धवट राहिली असेल तर या आठवड्यात चौकशी करा. कॉलेजमध्ये एक डोस घेऊन पुढचे विसरलेल्या किती तरी मुली मी बघितल्यात.

राग, हात आणि अंधारा जिना

नातेवाईक चिडतात. बहुतेक वेळा ते तुमच्यावर चिडलेले नसतात. घाबरलेले असतात, बिलाची चिंता असते, कुणी त्यांना काही सांगितलेलं नसतं. दर दोन तासांनी जाऊन "आजींचा ताप उतरलाय, डॉक्टर अकराला येतील" एवढं सांगा. निम्मा राग तिथेच संपतो.

पण हात उचलला तर तो सहन करायचा नाही. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या लोकांवरच्या हिंसेविरुद्ध कायदा आहे. त्यात डॉक्टरांबरोबर नर्सही येतात. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. "जाऊ दे सिस्टर, मिटवून टाका" असं कुणी म्हणालं तरी घटना लेखी द्या.

आणि हॉस्पिटलच्या आतला धोका? केईएमच्या अरुणा शानबाग सिस्टरांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९७३ मध्ये हॉस्पिटलमध्येच काम करणाऱ्या माणसाने त्यांच्यावर हल्ला केला. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली बेचाळीस वर्षं केईएमच्या सिस्टरांनी, म्हणजे बॅचमागून बॅच, त्यांना सांभाळलं. ज्या मुलींनी त्यांना कधी चालता-बोलताना बघितलंच नव्हतं, त्यांनीही. आपल्या पेशाबद्दल मला अभिमान वाटतो तो इथे. पण त्याच गोष्टीतून मी हेही शिकले की कपडे बदलायची खोली नीट, उजेडाची, आतून कडी असलेली हवी, आणि ते मागणं म्हणजे नखरे नव्हेत. रात्री तळमजल्यावर किंवा बंद इमारतीत एकटीने जाऊ नका. कुणी त्रास देत असेल तर दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असायला हवी. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची असते.

पगाराचं बोलायला संकोच नको

सेवा आहे, पण घरभाडंही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने एक समिती नेमली होती. तिने शिफारस केली की खासगी हॉस्पिटलमध्ये पन्नासपेक्षा कमी बेड असले तरी नर्सला महिना किमान वीस हजार मिळावेत, आणि दोनशेपेक्षा जास्त बेड असतील तर सरकारी नर्सइतका पगार असावा. ही शिफारस आहे, त्यामुळे सगळीकडे पाळली जात नाही. पण मुलाखतीला जाताना हा आकडा डोक्यात असू द्या.

नेमणूकपत्र घ्या. बॉण्ड असेल तर घरी नेऊन वाचा, मग सही करा. मूळ सर्टिफिकेटं कुणाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या. दर महिन्याची पगाराची स्लिप जपून ठेवा. नोकरी सोडताना अनुभवपत्र घेतल्याशिवाय निघू नका. उद्या सरकारी भरती असो की जर्मनी-इंग्लंड, पहिला प्रश्न तोच येतो. परदेशाचं म्हणाल तर एजंटला पैसे देण्याआधी भाषेची परीक्षा द्या. जर्मनीला जर्मन आल्याशिवाय कुणी वॉर्डात उभं करत नाही.

नाइट आणि शरीर

नाइट संपली की मोबाइल बाजूला. पडदे ओढा, झोपा. घरच्यांना स्पष्ट सांगा की दुपारची झोप म्हणजे आळस नाही. सासूबाईंना समजत नसेल तर एकदा रोस्टर फ्रिजवर चिकटवा. जड पेशंट एकटीने उचलू नका, मावशींना किंवा मामांना हाक मारा. कंबर एकदा गेली की ती कुठलंही हॉस्पिटल परत देत नाही.

शेवटी एकच. वर्षभरात कधीतरी तुमच्या हातातला पेशंट जाईल, सगळं बरोबर करूनही. त्या दिवशी घरी जाऊन एकटीने रडत बसू नका. बरोबरच्या सिस्टरला सांगा, चहा प्या, बोला. आणि पुढच्या वर्षी एखादी नवीन मुलगी तुमच्याकडे घाबरत येऊन "ताई, हे कसं करायचं?" म्हणाली, की तिच्यावर ओरडू नका. तिने विचारलंय ना, मग ती या कामाला योग्य आहे.

चला, माझी दुपारची ड्युटी आहे. निघते. काळजी घ्या.