अझेलिया लावताना चुनखडी पाहा

जास्वंद, मोगरा, तगर यांच्या जोडीला कधी कधी रोपवाटिकेतून अझेलियाचे भरगच्च फुललेले रोप घरी येते. बहर संपतो, पाने पिवळी पडतात आणि हळूहळू झुडूप वाळते. 'थंडीचे झाड, आपल्याकडे यायचे नाही,' असे म्हणून आपण ते उपटतो. पण दोष एकट्या हवेचा नसतो. जमीन आणि पाणी यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

अझेलिया ही हिमालयातील बुरांसाची भाऊबंद. तिचे पानझडी आणि सदाहरित असे दोन गट आहेत. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने १९५७ पासून प्रयत्न करून पानझडी गटात 'नॉर्दर्न लाइट्स' हा वाण तयार केला आणि तो १९७८ मध्ये दिला. त्याच्या कळ्या उणे ३४ अंश सेल्सिअस थंडीतही टिकतात. परंतु सफरचंदाप्रमाणेच अशा झुडपांना फुलण्यासाठी दीर्घ थंडीची विश्रांती लागते. ती महाराष्ट्रात मिळत नाही. म्हणून 'कडक थंडी सोसणारी' म्हणून कोणी रोप देऊ लागल्यास ते घेऊ नये. आपण सदाहरित जात घ्यावी. महाबळेश्वर, पाचगणी, आंबोली अशा थंड, पावसाळी भागात ती जमिनीत लावता येईल. पठारावर कुंडीतच लावावी. विदर्भाच्या कडक उन्हाळ्यात किंवा किनारपट्टीच्या उष्ण हवेत फार आशा धरू नये.

आता जमिनीविषयी. अझेलियाला ४.५ ते ६ सामूची आम्लधर्मी माती लागते. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ च्या वर असतो. चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडतो, तो आपण पाहिला आहे. जमिनीत लोह असते, पण पिकाला घेता येत नाही. अझेलियाचे तसेच होते. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाकून पाहा. फसफसले तर त्या मातीत अझेलिया लावू नका. फसफसले नाही तरी सामू तपासून घ्यावा.

कुंडी २५ ते ३० सेंटिमीटर रुंद व तळाला छिद्रे असलेली घ्यावी. जांभ्याची तांबडी माती, कुजलेला पालापाचोळा आणि धुतलेला नारळाचा भुसा समभाग मिसळावा. राख, चुना, हाडांचा चुरा व ताजे शेण घालू नये. मुळांचा गड्डा मातीच्या पातळीपेक्षा दोन सेंटिमीटर वर राहील असे रोप लावावे. खोल लावल्यास किंवा पाणी साचल्यास मुळे कुजतात. मुळे उथळ असतात, म्हणून खुरपे चालवू नये. वाळलेल्या पानांचे पाच सेंटिमीटर आच्छादन पुरे.

विहिरीच्या जड पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरा थर बसतो, तो क्षारांचा. छपरावरचे पहिल्या सरीचे पाणी वाहू द्यावे आणि नंतरचे झाकणाच्या पिंपात साठवून या झाडासाठी राखावे. पाने पिवळी पडू लागली तर लिटरभर पाण्यात २ ग्रॅम हिराकस विरघळवून सायंकाळी फवारावे. हा तात्पुरता उपाय झाला. खरा उपाय माती आणि पाणी बदलण्याचाच.

सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी पूर्वेकडची ओसरी उत्तम. छाटणी बहर संपताच करावी. उशीर केल्यास पुढच्या वर्षीच्या कळ्या कापल्या जातात. खत द्यायचे तर बहरानंतर चिमूटभर अमोनियम सल्फेट ओल्या मातीत द्यावे.

एक गोष्ट विसरू नका. अझेलियाची पाने व फुले विषारी असतात. शेळ्या-मेंढ्या, गुरे यांच्या तोंडाशी झुडूप ठेवू नये आणि छाटलेल्या फांद्या गोठ्याकडे टाकू नयेत. लहान मुलांनाही जपावे. जनावराने पाला खाऊन लाळ गाळली, ओकारी केली किंवा ते लडखडू लागले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकास बोलवावे.

प्रथम एकच रोप आणावे, वर्षभर सांभाळावे आणि मगच दुसऱ्याचा विचार करावा. पावसाचे पाणी साठवणे जमणार नसेल किंवा शेळ्या मोकळ्या फिरत असतील, तर अझेलियाचा मोह टाळलेला बरा. अंगणाला शोभा आणायला जास्वंद आणि मोगरा आहेतच.