दूरस्थ वर्ग आणि शिक्षकांचे शिक्षण
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात खेड येथे झालेले भाषण)



शिक्षकांना ऑनलाइन अध्यापनाचे शिक्षण कसे द्यावे, या विषयावर बोलण्याची आज्ञा कार्यकारी समितीने मला केली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. आपल्या ज्ञातीत शिक्षकी पेशाची घरे थोडी नाहीत आणि विद्यार्थी तर घरोघरी आहेत. म्हणून हा विषय घरचाच समजून बोलतो.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ साली याच खेड तालुक्यातील शेरवली गावी झाला. परीक्षेसाठी ते मुरुडहून साताऱ्यास पायी गेले, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही, ही हकीकत आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. विद्येच्या दाराशी पोचणे ही एक अडचण. पोचल्यावर ते दार उघडणे ही दुसरी. नव्या यंत्राने पहिली अडचण पुष्कळशी दूर होते. दुसरी मात्र शिक्षकानेच दूर करावी लागते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा याचा प्रत्यय आला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि शेजारच्या दापोली-मंडणगडातील कित्येक गावे दीर्घकाळ विजेवाचून राहिली. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, जगबुडीचे पाणी आपल्या खेड शहरात शिरले. अशा मुलखात दूरस्थ वर्ग चालवायचा होता.

हा वर्ग ज्या व्यवस्थेवर चालतो तिला अध्ययन व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. सोप्या शब्दांत सांगायचे तर ती शाळेची इमारतच होय. तिच्यात फळा आहे, हजेरीपट आहे, गृहपाठाची वही आहे आणि गुणपत्रकही आहे. मूडल ही अशीच एक विनामूल्य प्रणाली २००२ साली प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते मार्टिन डुजियामस यांचे बालपण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात गेले आणि त्यांचे आरंभीचे शिक्षण रेडिओवरून झाले. शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलाची अडचण त्यांनी स्वतः भोगली होती. आपल्याकडे केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ २०१७ पासून आहे आणि ‘निष्ठा’ हे शिक्षकांचे प्रशिक्षणही २०२० पासून त्यावर देण्यात येऊ लागले.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. त्या काळात काही शिक्षकांना ही प्रणाली शिकविण्याचे काम मजकडे आले. तीन दिवसांत मी त्यांना सारी बटणे दाखविली आणि प्रमाणपत्रे वाटली. महिन्याभराने त्यांचे वर्ग उघडून पाहतो तो काय? पाठ्यपुस्तकाच्या पानांची छायाचित्रे, खाली ‘समजले का?’ हा प्रश्न, आणि त्याखाली ‘हो सर’ अशी ओळीने उत्तरे!

एका वर्गात एका मुलीचे उत्तर कोठेच नव्हते. एकोणीस दिवस ती आलीच नाही, हे प्रणालीत नोंदलेले होते. पण ती नोंद कोठे पाहावी आणि पाहून काय करावे, हे मी बाईंना शिकविलेच नव्हते. मुलगी डोंगरावरच्या वाडीतील. घरात फोन एकच, आणि तो घेऊन वडील लोट्याच्या कारखान्यात पाळीवर जात. बाई मला म्हणाल्या, “सर, तुम्ही आम्हांला किल्ली दिलीत, पण आत बसून शिकवायचे कसे, ते राहूनच गेले.” मुलगी पुढे शाळेत परतली, पण तिचे गणित मागे पडले ते पडलेच. त्यात माझाही वाटा आहे.

त्यानंतर मी रीत पालटली. शिक्षकाने प्रथम दोन आठवडे त्याच प्रणालीत विद्यार्थी व्हावे. आपल्याच फोनवर, आपल्याच गावच्या रेंजवर धडा वाचावा, गृहपाठ पाठवावा आणि उत्तराची वाट पाहावी. ज्याला चार दिवस उत्तर मिळत नाही, त्याला मुलाचे मन न सांगता कळते.

इंग्लंडमधील गिली सॅमन या विदुषींनी दूरस्थ अध्यापनाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत: प्रवेश व उत्साह, परस्परांची ओळख, माहितीची देवघेव, मिळून ज्ञान घडविणे आणि आत्मविकास. आपण पहिल्या दोन पायऱ्या ओलांडून एकदम तिसरीवर उडी घेतो आणि मुले खालीच राहतात.

दुसरी गोष्ट धड्याच्या आकाराची. धडा लहान असावा. आधी मजकूर, मग ध्वनी आणि चित्रफीत शेवटी. मूडलच्या अ‍ॅपमध्ये पुष्कळसा पाठ फोनमध्ये उतरवून घेऊन रेंज नसताना वाचता येतो. त्याचा उपयोग करावा, आणि गृहपाठास एका रात्रीची नव्हे, आठवड्याची मुदत द्यावी. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दर शनिवारी न आलेल्यांची यादी काढावी, फोन करावा, आणि फोन न लागल्यास घरी जावे.

मुंबईच्या आय.आय.टी.ने प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली हजारो अभियांत्रिकी शिक्षकांना एकाच वेळी शिकविले, ते गावोगावच्या महाविद्यालयांत केंद्रे उघडून. शिकविणारा दूर होता, पण मदतनीस जवळ होता. हे मर्म आपणही उचलावे.

म्हणून मंडळास माझी नम्र विनंती आहे. येत्या मे महिन्याच्या सुटीत आपल्या सभागृहात शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचा असा वर्ग भरवावा. ज्ञातीतील महाविद्यालयीन मुलामुलींनी मदतनीस व्हावे. मुंबईकर बंधूंनी सुस्थितीतील वापरलेले फोन द्यावेत. आणि या वर्गाचे दार केवळ ज्ञातीतील नव्हे, तर तालुक्यातील प्रत्येक शिक्षकास उघडे असावे. कारण आपली मुले सर्वांच्याच हाताखाली शिकतात.

आज शाळा भरत आहेत, मग ही यातायात कशाला, असे कोणी म्हणेल. जगबुडी दरवर्षी आपल्याला विचारून भरत नाही. ती भरेल तेव्हा वाडीवरची मुलगी पुन्हा एकोणीस दिवस बाहेर उभी राहू नये, एवढेच माझे मागणे आहे.